हातात सात रविवार आहेत

बार्शीच्या एका तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विचारलंय : मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळूरला आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपवर रुजू व्हायचंय. ओळखीचं कोणी नाही, कन्नड येत नाही. घरचे म्हणतात, काम शीक आणि परत ये, हिंडत बसू नको. पण मला त्या शहरात राहून बघायचंय, चार माणसं जोडायची आहेत. एवढ्या थोड्या दिवसांत हे जमतं का? जमत असेल तर सुरुवात कुठून करू?

जमतं. मी पंधरा वर्षं बंगळूरच्या एका कंपनीत इंटर्नशिपचं काम बघते. दर उन्हाळ्यात तीस-चाळीस मुलंमुली माझ्यासमोर येतात आणि जुलैत परत जातात. कोण या शहरात रमलं आणि कोण नुसतं राहून गेलं, हे मी जवळून बघत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कॅलेंडर उघड. आठ आठवडे ऐकायला बरेच वाटतात, पण सोमवारी रुजू होऊन आठव्या आठवड्याच्या शुक्रवारी निघालास तर मधे सातच रविवार येतात. पहिला रविवार बादली, हँगर, मच्छरदाणी आणि झोप यांत जाईल. एक बाहेरगावच्या सहलीत जाईल. शेवटचा प्रेझेंटेशनच्या तयारीत. उरले चार. 'पाहण्यासारखी पन्नास ठिकाणं' अशी यादी फोनमध्ये घेऊन येणारी मुलं दरवर्षी असतात. ती चार रविवारांत पंधरा ठिकाणी फोटो काढतात आणि जाताना त्यांच्याकडे ऑफिसबाहेरच्या एकाही माणसाचा नंबर नसतो. मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण धावपळ त्यांनी सगळ्यांत जास्त केलेली असते.

माझं सांगणं असं की दोन-तीन जागा निवड आणि तिथे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी नेमाने जात राहा. पहिल्या खेपेला तुझ्याकडे कोणी बघणार नाही. तिसऱ्या खेपेला कोणीतरी म्हणेल, मागच्या आठवड्यात पण होतास ना? ओळख तिथून सुरू होते. आठ आठवड्यांत तेवढ्या खेपा नक्की बसतात, पण पहिल्याच आठवड्यात सुरुवात केलीस तर. 'जरा स्थिरस्थावर होतो, मग बघू' म्हणणाऱ्यांचा जून कधी संपतो ते त्यांनाही कळत नाही.

हे मी स्वतः अनुभवलं आहे. २००३ च्या उन्हाळ्यात मी कोल्हापूरहून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी इथे आले. मल्लेश्वरममध्ये एका आजींकडे खोली मिळाली. तेव्हा मेट्रो नव्हती, माझ्याकडे मोबाइल नव्हता, रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन करायचा. पहिले तीन आठवडे खोली ते प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळा ते खोली. सकाळी तेवढी कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात उभ्याने इडली खाऊन पुढे जायचे. एकदा ताप आला म्हणून दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मामांनी टोकन देता देता विचारलं, "एरडु दिना बरलिल्ला?" एरडु म्हणजे दोन, एवढंच मला कळत होतं. शेजारी कॉफी पीत उभ्या असलेल्या बाईंनी हिंदीत सांगितलं, "दोन दिवस आली नाहीस, असं विचारताहेत." लाखो दारांच्या शहरात माझं नसणं एका माणसाच्या लक्षात आलं होतं. मला तिथेच रडू आलं. त्या बाईंनी घरचा पत्ता दिला, त्यांच्या मुलीबरोबर मी पुढचे रविवार बसने हिंडले, आणि ती आजही माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण आहे. त्या हॉटेलात मी रोज त्याच वेळी गेले नसते तर यातलं काहीच घडलं नसतं.

आता राहण्याकडे येते, कारण तुझ्या संध्याकाळी कशा जाणार हे तिथेच ठरतं. स्वस्त पीजी, म्हणजे भाड्याने राहायची जागा, मिळाली म्हणून ऑफिसपासून दीड तासावर राहू नकोस. वाचवलेले दोन हजार रुपये तू रोज तीन तास ट्रॅफिकमध्ये उभं राहून फेडशील, आणि संध्याकाळी साडेआठला खोलीवर पोचलेला मुलगा परत बाहेर पडत नाही. ऑफिस चालत वीस मिनिटांवर असेल तर उत्तम. तसं नसेल तर मेट्रो स्टेशन चालत दहा मिनिटांवर हवं. पर्पल लाइन ऑक्टोबर २०२३ पासून चल्लघट्टापासून व्हाइटफील्डपर्यंत सलग धावते. पूर्वी व्हाइटफील्डची मुलं रविवारी एम. जी. रोडला यायचं म्हणजे प्रवासाची तयारी करत, आता ती दुपारची झोप काढून निघतात. इलेक्ट्रॉनिक सिटीची मुलं तर जवळजवळ कोंडलेलीच असायची. ऑगस्ट २०२५ मध्ये यलो लाइन सुरू झाली आणि आर. व्ही. रोडला ग्रीन लाइन पकडून जयनगर, लालबाग आणि मुख्य बसस्थानकाचं मॅजेस्टिक त्यांच्या आवाक्यात आलं. कोरमंगलासारख्या भागात स्टेशन जवळ नाही, पण बसायला-खायला, खेळायला तिथल्या तिथे पुष्कळ आहे. तिथे राहणाऱ्याने पायी जमेल तेवढं बघावं आणि सुखी राहावं.

पीजीवाल्याला पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचार : डिपॉझिटमधून 'मेंटेनन्स' म्हणून किती कापणार, आणि नोटीस किती दिवसांची. बऱ्याच ठिकाणी महिनाभर आधी सांगावं लागतं आणि दोन महिन्यांसाठी आलेली मुलं तिथेच फसतात. आलास त्याच दिवशी निघायची तारीख लेखी कळवून टाक, मेसेज चालतो. आणि रात्री दार किती वाजता बंद होतं तेही विचार. पुढे नाटकाचं सांगणार आहे, ते साडेनऊला संपतं.

ऑफिसमध्ये सगळ्यांत महत्त्वाची वेळ जेवणाची. पहिल्या चार दिवसांत कोण कुठे बसतं हे ठरून जातं आणि मग ते हलत नाही. इंटर्न इंटर्नबरोबर, मराठी मराठीबरोबर, असा घोळका लगेच जमतो. त्यात बस, पण आठवड्यातून दोनदा मुद्दाम उठून आपल्या टीमच्या टेबलावर जा. "मी इथे बसू का?" एवढंच विचारायचं आहे. तुझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी, नुकतीच नोकरीला लागलेली माणसं असतात ना, ती सगळ्यांत उपयोगी. आपण इथे नवीन होतो तेव्हा कसं वाटायचं हे त्यांना आठवत असतं. त्यांना गुगलवर मिळणार नाहीत असे प्रश्न विचार. शनिवारी सकाळी तुम्ही काय करता? खेळायला कुठे जाता? डोसा कुठला? या शेवटच्या प्रश्नावर बंगळूरचा माणूस दहा मिनिटं बोलतो आणि बहुतेक वेळा शेवटी "चल, नेतोच तुला" म्हणतो.

बोलावणं येईल अशी वाट बघत बसू नकोस. आपल्याकडे घरी कोणी नवीन आलं तर शेजारी येऊन चहाला बोलावतात, ती सवय घेऊन मुलं येतात आणि मग इथे कोणी विचारत नाही म्हणून खट्टू होतात. इथली निम्मीअधिक तरुण मंडळी स्वतःच बाहेरून आलेली आहेत आणि तीही कोणाच्या तरी बोलावण्याची वाट बघताहेत. तूच विचार. मात्र 'कधीतरी भेटू या' असं विचारू नकोस, त्यातून काही निघत नाही. 'गुरुवारी साडेसातला नाटक आहे, मी तिकीट काढतोय, तुझंही काढू का?' असं विचार. वार, वेळ आणि जागा सांगितली की समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येतं. पाचातले तीन नाही म्हणतील. उरलेले दोन तुझा उन्हाळा सांभाळतील.

नाटकाचं नाव निघालंच आहे तर रंगशंकराबद्दल सांगते, कारण तिथे मी स्वतः वर्षानुवर्षं जाते. जे. पी. नगरमध्ये हे नाट्यगृह २००४ मध्ये उभं राहिलं, शंकर नाग यांच्या स्मरणार्थ. त्यामागे त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांचे कष्ट आहेत. शंकर नाग कन्नड सिनेमाचे मोठे नट-दिग्दर्शक होण्याआधी मुंबईत मराठी रंगभूमीवर काम करत, त्यामुळे तिथे गेल्यावर मला आपल्याच कोणाच्या घरी आल्यासारखं वाटतं. आठवड्यातले बहुतेक दिवस काही ना काही असतं : कन्नड, इंग्रजी, हिंदी, अधूनमधून मराठीही. संध्याकाळचा प्रयोग साडेसातला म्हणजे साडेसातला. दार बंद झालं की कोणालाही आत सोडत नाहीत. मी दोनदा बाहेर राहिले आहे, म्हणून सांगते की अर्धा तास आधी पोच. तसंही त्या अर्ध्या तासातच खरी मजा आहे. बाहेरच्या कॅफेत साबुदाणा वडा मिळतो, लोक पायऱ्यांवर प्लेट घेऊन बसलेले असतात, कोणाला तरी 'हे नाटक आधी पाहिलंय का?' असं विचारलं की बोलणं सुरू होतं. कन्नड नाटक कळणार नाही म्हणून टाळू नकोस. पहिल्या दहा मिनिटांनंतर डोळ्यांना बरंच कळायला लागतं, आणि बाहेर पडताना शेजारच्याला कथा विचारायला कारण मिळतं. गुरुवार तुझा नाटकाचा वार केलास तर महिन्याभरात तिकिटाच्या खिडकीवर तुला ओळखतील.

सकाळच्या माणसांसाठी कब्बन पार्क. मेट्रोचं स्टेशन त्याच नावाचं, दारातच उतरतं. शनिवारी सकाळी तिथे झाडांखाली चटया टाकून लोक नुसते आपापलं पुस्तक वाचत बसतात. हा 'कब्बन रीड्स'चा उपक्रम २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि मग इतर शहरांनी उचलला. नाव नोंदवायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, कोणाशी बोलायचीही सक्ती नाही. लाजाळू मुलांना मी सगळ्यांत आधी तिथे पाठवते. सोबत मराठी पुस्तक ने. मुखपृष्ठावरची देवनागरी बघून कोणी ना कोणी विचारतंच, आणि मराठी माणूस असेल तर चटई सरकवून जवळ येतो. मागच्या वर्षी नांदेडच्या एका मुलीला तिथेच पुण्याच्या दोघी भेटल्या आणि त्या तिघी पुढचे सहा शनिवार वाचन संपलं की चर्च स्ट्रीटवरच्या ब्लॉसममध्ये जुनी पुस्तकं चाळायला जात. खर्च म्हणजे मेट्रोचं भाडं आणि एक-दोन जुनी पुस्तकं.

तुला खेळ आवडत असेल तर बाकी सगळं विसरून आधी खेळाची जागा शोध. बोलायला भाषा लागते, बॅडमिंटनला लागत नाही. इथे तासावर कोर्ट मिळतात आणि प्लेओसारख्या ॲपवर 'एक खेळाडू कमी आहे' अशा जागा रोज निघतात, आपलं नाव टाकलं की झालं. अनोळखी सात जणांबरोबर फुटबॉल खेळायला पहिल्यांदा पोटात गोळा येतो हे मला मान्य आहे. पण त्याच मैदानावर त्याच वेळी तिसऱ्यांदा गेलास की तुला ग्रुपमध्ये घेतात आणि मग ॲपची गरज उरत नाही.

ऐकायला-बघायला आवडत असेल तर डोमलूरचं बंगळूर इंटरनॅशनल सेंटर लक्षात ठेव. व्याख्यानं, मैफली, माहितीपट, चर्चा, आणि बहुतेक कार्यक्रमांना प्रवेश मोफत. विद्यार्थ्याच्या खिशाला यापेक्षा चांगली संध्याकाळ मला ठाऊक नाही. विज्ञानाची ओढ असेल तर २०२४ च्या सुरुवातीला उघडलेली सायन्स गॅलरी आहे, तीही मोफत आणि मुद्दाम तुझ्या वयाच्या मुलांसाठी केलेली. प्रदर्शनाजवळ उभी असलेली तरुण मुलंमुली समजावून सांगायला उत्सुक असतात, त्यांना वेळ दे. राजवाडे, मॉल, बाजार हे सगळं बघशीलच, त्यावर मी शब्द घालवत नाही. लालबाग मात्र एकदा पावसाची सर येऊन गेल्यावर बघ. १७६० च्या सुमारास हैदरअलीने सुरू केलेली बाग, आणि तिच्यातच एक उघडा खडक आहे, सुमारे तीन अब्ज वर्षं जुना. आपला दख्खनचा काळा कातळ त्याच्यापुढे अगदी कालचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. संध्याकाळी त्या खडकावर अख्खं शहर हवा खायला येऊन बसतं, तूही बस. बहुतेक वर्षी मे-जूनमध्ये तिथे आंब्यांचा मेळाही भरतो. हापूसवरून वाद घालायची चांगली संधी असते आणि बदामी, मल्लिका, रसपुरी यांच्या बाजूने बोलणारे लोक तुला फोडी कापून खायला घालतात.

खाण्यावर थोडं जास्त लिहिते, कारण इथली ओळख दर्शिनीतच होते. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल : आधी पैसे, मग टोकन, मग काउंटरवरून स्वतः आणायचं, आणि उंच टेबलाभोवती जो असेल त्याच्या शेजारी उभं राहायचं. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावंच लागतं, म्हणून ती जागा मला प्रिय आहे. 'चौ चौ बाथ' माग. एका बशीत खारा बाथ आणि केसरी बाथ, म्हणजे आपलं उप्पीट आणि शिरा शेजारीशेजारी. घरची आठवण आली की मी अजूनही तेच खाते. 'वन बाय टू' म्हण, की एक कॉफी दोन पेल्यांत येते. ऑफिसच्या माणसाला 'वन बाय टू घेऊ या का?' असं विचारणं ही इथली मैत्रीची रीत आहे, थोडक्या पैशांत होते. गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ चं, नावाप्रमाणे आसपासच्या विद्यार्थ्यांसाठीच सुरू झालेलं. रविवारी तिथे मोठी रांग असते. एखाद्या मधल्या वारी सकाळी लवकर जा, आणि शुक्रवारी बंद असतं हे लक्षात ठेव. पण तुझं रोजचं ठिकाण नावाजलेलं नकोच. पीजीच्या गल्लीतली दर्शिनी तुझी.

भाषेबद्दल मनापासून सांगायचंय. हिंदी-इंग्रजीवर तुझं सगळं काम भागेल आणि नेमकं त्यामुळेच मुलं कन्नडचा एकही शब्द न शिकता परत जातात. मग त्यांना शहर कोरडं वाटतं. परक्याने येऊन आपल्याशी मराठीत दोन शब्द बोलले की आपल्याला कसं वाटतं ते आठव. इथेही तसंच आहे, आणि आता या विषयावर इथे मनं हळवी झालेली आहेत, त्यामुळे ते दोन शब्द जास्तच मोलाचे. पहिल्या आठवड्यात एवढे पाठ कर : बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, एष्टु म्हणजे किती, स्वल्प म्हणजे थोडं. रिक्षा थांबवायला 'इल्ली निल्सी'. आणि एक पूर्ण वाक्य : 'ननगे कन्नड बरल्ला, कलीता इद्दीनि.' मला कन्नड येत नाही, शिकतोय. या वाक्याने माझ्या कितीतरी मुलांसाठी दारं उघडली आहेत. जेवणाच्या वेळेला भेटलेल्या माणसाला 'ऊटा आय्ता?' विचार. जेवण झालं का? आपल्या गावाकडे हाच प्रश्न दिवसभर विचारतात, त्यामुळे तो तुझ्या तोंडात लगेच बसेल.

मराठी माणसाला कन्नड वाटतं तेवढं दूर नाही. अण्णा, अक्का हे शब्द आपल्याकडे तिकडूनच आलेत. आपलं तूप तिथे तुप्पा आहे. फक्त एक जप : मोठ्या बहिणीच्या वयाच्या बाईंना 'ताई' म्हणू नकोस, कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. 'अक्का' म्हण. रिक्षावाल्याला, वॉचमनला, पीजीच्या स्वयंपाक्याला 'अण्णा'. या तीन अण्णांशी रोज दोन वाक्यं बोललास तर दुसऱ्या महिन्यात तुझं कन्नड ऑफिसातल्या पाच वर्षं राहिलेल्या लोकांपेक्षा बरं असेल. हे मी होताना पाहिलं आहे. बीडचा एक मुलगा पीजीच्या स्वयंपाक्याकडून रोज पाच शब्द शिकायचा आणि त्याला ज्वारीच्या भाकरीबद्दल सांगायचा. तो स्वयंपाकी निघाला उत्तर कर्नाटकचा, त्याच्या घरी जोळद रोट्टी म्हणजे तीच भाकरी. शेवटच्या रविवारी त्याने या मुलासाठी भाकरी आणि एण्णेगाई, म्हणजे भरलं वांगं, केलं. मुलगा ते सांगताना माझ्यासमोर हरखून गेला होता.

मराठी मंडळी हवीशी वाटतील, त्यात गैर काही नाही. गांधीनगरला महाराष्ट्र मंडळ आहे. एखाद्या कार्यक्रमाला जा, दोन घरची जेवणाची आमंत्रणं नक्की मिळतील. इथे मराठी नवं नाहीच. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाला व्यंकोजीराजांनी १६६९ मध्ये गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. वेळ काढून ते देऊळ बघ, झाडीत आहे आणि फार शांत आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली मराठी घरं आहेत. रजनीकांत अशाच एका घरात वाढले आणि इथल्याच सरकारी बसवर कंडक्टर होते. अशा घरांमधलं मराठी ऐक, त्यात कन्नडचा हेल आहे आणि जुने शब्द टिकून आहेत. मात्र सातही रविवार मराठी घोळक्यात घालवू नकोस. तसं करणारी मुलं आनंदात असतात, पण परत गेल्यावर बंगळूरबद्दल त्यांना सांगण्यासारखं थोडंच असतं.

बाहेरगावच्या सहलींचंही तसंच. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी गाडी ठरवेल : कूर्ग, गोकर्ण, पाँडिचेरी. एकदा जा, अवश्य जा, गाडीत रात्रभर गप्पा मारून मैत्री घट्ट होते. दर शनिवारी जाऊ नकोस. एका दिवसात होण्यासारखं म्हणजे म्हैसूर. सकाळच्या रेल्वेने जायचं, रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लागतात ते बघून रात्री परत. नंदी हिल्सला सूर्योदयासाठी रविवारी अर्धं शहर जातं आणि घाटात गाड्यांची रांग बघावी लागते, त्यामुळे मी ते सुचवत नाही.

पैशांचं थोडक्यात. पहिला स्टायपेंड महिना संपल्यावर येतो, तोवरचे पैसे घरून आण. बाहेर जेवायला जाताना बिल कसं वाटायचं ते आधीच विचार, त्यात लाज नाही. कायम नोकरीवाल्यांचा गट ब्रुअरीत जातो आणि माणशी हजार-दीड हजार सहज होतात. आठवड्यातून एकदा 'मी जेवून नंतर येतो, कॉफीला भेटतो' म्हटलंस तर कोणी तुला कमी लेखत नाही. दारू पिण्याचं कर्नाटकात किमान वय २१ आहे. तू विसाव्या वर्षी येत असशील तर प्रश्नच मिटला, आणि एकवीस पूर्ण झाली असली तरी कोणाच्या आग्रहाखातर पिऊ नकोस. लिंबू सोडा घेऊन रात्रभर टेबलावर हसत बसलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांची मैत्री तसूभरही कमी झालेली नाही.

रात्री परतताना गटात मुली असतील तर शेवटची मेट्रो सगळ्यांना मिळेल असंच निघा. ती साधारण अकराच्या सुमारास असते, नक्की वेळ आधी बघून ठेव. रिक्षासाठी नम्म यात्री ॲप ठेव, त्यात भाडं थेट रिक्षावाल्याला जातं आणि घासाघीस कमी होते. बरोबरच्या मुलींना हेही सांग, की इथल्या सरकारी बसचा महिलांसाठीचा मोफत प्रवास कर्नाटकचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावरच मिळतो, महाराष्ट्राच्या आधारवर तिकीट काढावं लागतं. आणि तू एक पातळ स्वेटर आण. बार्शीत मेमध्ये बेचाळीस अंश असताना हे ऐकायला खोटं वाटेल, पण बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे आणि मेमधल्या दुपारच्या वळवानंतर संध्याकाळी वारं लागतं. छत्री तर हवीच.

तिसरा आठवडा जड जातो. हे सगळ्यांना होतं म्हणून आधीच सांगून ठेवते. पहिले पंधरा दिवस नवलाईत जातात, मग एका रविवारी दुपारी पीजीत पंखा बघत पडलेलं असताना वाटतं की आपलं इथे कोणी नाही आणि इतर सगळे कुठेतरी मजा करताहेत. त्या वेळी फोनवर मित्रांच्या स्टोरी बघू नकोस. अंघोळ कर, बाहेर पड, आपल्या दर्शिनीत जा. त्या दिवशी कोणी बोललं नाही तरी चालेल. आईला फोन कर, पण खोलीतून नको, चालता चालता कर. मागून रस्त्याचा आवाज आला की तिलाही बरं वाटतं. सलग आठ-दहा दिवस झोप येत नाही, जेवण जात नाही, असं झालं तर मात्र एकट्याने सोसू नकोस. ऑफिसमध्ये माझ्यासारखं कोणी ना कोणी असतं, त्यांना थेट सांग. आम्ही त्याच कामासाठी आहोत, आणि असं सांगितल्याने कोणाचं मूल्यमापन खाली जात नाही.

घरच्यांचं म्हणणं राहिलं. हिंडत बसू नको, हे ते काळजीने म्हणतात आणि त्यांना उत्तर मिळायला हवं. माझा अनुभव असा, की संध्याकाळी साडेसहाला कुठेतरी पोचायचं असलेला मुलगा दिवसा नीट काम करतो. ज्याला कुठेच जायचं नसतं तो रात्री नऊपर्यंत खुर्चीत बसतो, पण काम तेवढंच होतं. आमच्याकडे पुढे नोकरीसाठी बोलावलं गेलेल्या मुलांत पहिल्या प्रकारची बरीच होती, कारण टीममधल्या लोकांना ती माणूस म्हणून ठाऊक झालेली होती. मात्र आठवड्याचा नेम मॅनेजरला पहिल्याच दिवसांत सांगून टाक : गुरुवारी मी साडेपाचला निघेन, बाकी दिवस लागेल तेवढा थांबेन. शेवटच्या दोन आठवड्यांत काम वाढेल, तेव्हा नाटक सोड, खेळ अर्ध्यावर आण, सकाळची दर्शिनी सोडू नकोस. आणि घरी फोनवर 'आज काय शिकलो' याबरोबर 'आज कोण भेटलं' हेही सांगत जा. चार नावं ऐकली की त्यांची धास्ती कमी होते.

जायच्या आठवड्यात एक संध्याकाळ मोकळी ठेव आणि निरोप घेऊन ये : काउंटरवरचे अण्णा, बॅडमिंटनची मंडळी, कब्बन पार्कातले वाचणारे. इंटर्न मुलं शुक्रवारी लॅपटॉप परत करून थेट मॅजेस्टिकला गाडी पकडतात आणि मग इतक्या दिवसांची ओळख तुटते. सोलापूरची शेंगाचटणी आत्ता येतानाच दोन-तीन पुड्या जास्त आण, त्या दिवशी उपयोगी पडतील.

तुझं ऑफिस कोणत्या भागात आहे ते तू लिहिलं नाहीस. ते कळव, म्हणजे पीजी कोणत्या स्टेशनाजवळ बघायचं ते सांगता येईल. मेमध्ये चांगल्या खोल्या पहिल्या आठवड्यातच संपतात, तेव्हा लवकर कळव.